चित्राखालचे कापड : पट, शीड आणि कॅनव्हास

विद्यारण्यांच्या नावावर असलेल्या ‘पंचदशी’ या चौदाव्या शतकातील वेदान्तग्रंथात चित्रदीप नावाचे एक प्रकरण आहे. चैतन्याच्या चार अवस्था समजावून देण्यासाठी ग्रंथकाराने तेथे चित्रपटाचा, म्हणजे रंगविलेल्या कापडाचा दृष्टान्त योजिला आहे. कापड धुऊन स्वच्छ केले की ते धौत, त्यावर अन्नाची खळ चढवून ते ताठ केले की घट्टित, रेषांनी आकृती आखल्या की लांछित आणि रंग भरले की रंजित. वेदान्त्यांचे लक्ष अर्थातच दार्ष्टान्तिकाकडे असते. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने दृष्टान्ताकडेच अधिक निरखून पाहावे. दृष्टान्त द्यावयाचा तो श्रोत्यास आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीचा. तेव्हा कापडावर चित्र कसे सिद्ध होते याची माहिती त्या काळच्या सुशिक्षित वर्गात सामान्य होती, एवढे अनुमान यावरून काढण्यास हरकत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात येते. या चार अवस्थांपैकी पहिल्या दोन कुंचला हाती घेण्यापूर्वीच्या, म्हणजे निव्वळ कापडाच्या आहेत. आपल्याकडील कलेतिहासाचे लेखन मात्र बहुधा चौथ्या अवस्थेपासून सुरू होते आणि तेथेच संपते.

प्रस्तुत लेखाचा विषय या पहिल्या दोन अवस्थांपुरता मर्यादित आहे. चित्रकाराने अमुक एक कापड का निवडले, हा प्रश्न वरवर पाहता कारागिरीचा वाटतो. वस्तुतः तो व्यापाराचा, हवामानाचा, इमारतींचा आणि चित्र पाहण्याच्या रीतीचाही प्रश्न आहे. या प्रश्नाला आजवर दोन ठोकळेबाज उत्तरे दिली जात आली आहेत. व्हेनिस हे दर्यावर्दी नगर, तेथे शिडाचे कापड मुबलक, म्हणून तेथील चित्रकार लाकडी फळी सोडून कापडावर चित्रे काढू लागले, हे पहिले. भारतास कॅनव्हास इंग्रजांनी दिला, हे दुसरे. दोहोंतही तथ्याचा अंश आहे. पण तेवढ्यावर थांबले तर महत्त्वाचे ते निसटते.

प्रथम शब्दाचा विचार करू. कॅनव्हास हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला आणि त्याचे मूळ लॅटिन ‘कॅनाबिस’ या शब्दात, म्हणजे भांग ज्या वनस्पतीपासून मिळते त्या वनस्पतीच्या नावात आहे. तिच्या सालीच्या तंतूंचे जाडेभरडे कापड ते मूळचे कॅनव्हास. पुढे चित्रकारांनी बहुशः जवसाच्या तंतूचे कापड, म्हणजे लिनन, पसंत केले, तरी नाव जुनेच राहिले. जवस हे आपल्या शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचे पीक. पण आपल्याकडे ते मुख्यतः तेलबियांसाठी पेरले जाते, धाग्यासाठी नव्हे. युरोपीय तैलचित्रात मात्र या एकाच वनस्पतीची दोन्ही अंगे एकत्र येतात. खाली तिच्या खोडाचा तंतू आणि वर रंगात कालविलेले तिच्या बियांचे तेल. या दोहोंचे परस्परांशी मुळीच पटत नाही, ही त्यातली गंमत. वाळणारे तेल हवेतील प्राणवायू शोषून घेते, त्यात आम्ले तयार होतात आणि ती थेट तंतूला भिडली तर कापड काही काळाने ठिसूळ होते. म्हणून तेलरंगाच्या आधी कापडावर सरसाचा एक हात देण्याची चाल पडली. कापड आणि तेल यांच्यामधील तो एक पातळ पडदाच होय. १९५२ साली अमेरिकेत हेलन फ्रँकेंथेलर यांनी ‘माउंटन्स अँड सी’ हे चित्र कोणताही हात न दिलेल्या कोऱ्या कॅनव्हासवर पातळ तेलरंग ओतून काढले. त्यातील रंग कापडात मुरलेला दिसतो, हे त्याचे सौंदर्य. आणि तंतूच्या आयुष्याच्या दृष्टीने हीच त्याची जोखीमही.

आता व्हेनिसकडे वळू. युरोपात कापडावर चित्रे काढण्याची रीत व्हेनिसने सुरू केली असे मानणे चुकीचे आहे. इ. स. १४०० च्या सुमारास चेन्नीनो चेन्नीनी याने चित्रकारांसाठी जो ग्रंथ लिहिला, त्यात कापडावर चित्र काढण्याची रीत सांगितली आहे. कापड चौकटीवर ताणावे, सरस द्यावा आणि गिलाव्याचा थर अगदी पातळ ठेवून त्यात थोडी खळ किंवा साखर मिसळावी, असे तो सांगतो. साखर कशासाठी, तर थर लवचीक राहून गुंडाळताना फुटू नये म्हणून. नेदरलँड्समध्ये तर पंधराव्या शतकात सरसात कालविलेल्या रंगांनी तलम लिननवर चित्रे काढण्याची मोठी परंपरा होती. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील डीरिक बाउट्स याचे ख्रिस्ताच्या दफनाचे चित्र त्याच जातीचे आहे. ब्रॉयगेलने १५६८ साली काढलेले आंधळ्यांच्या रांगेचे प्रसिद्ध चित्रही तेलरंगात नसून याच सरसरंगात आहे. असली चित्रे स्वस्त असत, घडी करून किंवा गुंडाळून नेता येत आणि म्हणूनच बहुसंख्येने नष्टही झाली.

तेव्हा व्हेनिसचे वैशिष्ट्य कापड वापरण्यात नाही. जे काम अन्यत्र भिंत करीत होती, ते तेथे कापडाकडे सोपविले गेले, यात ते आहे. तेथील राजवाड्यातील महासभेच्या दालनात जी भित्तिचित्रे होती, ती खाऱ्या, दमट हवेने झडू लागली होती. १४७४ साली ती बदलण्याचे काम जेंतिले बेल्लिनीकडे देण्यात आले आणि पाच वर्षांनी त्याचा भाऊ जोव्हान्नी त्यात सामील झाला. नवी चित्रे कापडावर झाली. पाठोपाठ धर्मबंधूंच्या मंडळ्यांनी, ज्यांना तेथे स्कुओला म्हणत, आपापली सभागृहे कापडावरील चित्रमालिकांनी मढविली. कार्पाच्योची संत उर्सुलेची मालिका १४९० नंतरच्या दशकातील आहे. जेंतिले बेल्लिनीचे सान मार्को चौकातील मिरवणुकीचे चित्र १४९६ मधील असून त्याची लांबी सात मीटरांहून अधिक आहे. वासारीने सोळाव्या शतकाच्या मध्यास व्हेनेशियनांच्या या आवडीची जी कारणे दिली आहेत, तीही अशीच व्यवहारी आहेत. कापड फळीप्रमाणे तडकत नाही, त्याला कीड लागत नाही, हवे तेवढे मोठे करता येते आणि हवे तेथे पाठविता येते.

शिडाचे काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेल. व्हेनिसची सरकारी गोदी आणि तेथील शिडांचा कारखाना यांमुळे मजबूत कापडाचा व कापड शिवणाऱ्या हातांचा तुटवडा तेथे कधी नव्हता, हे मान्यच आहे. परंतु उपलब्धता म्हणजे कारण नव्हे. जिनोवा हेही तेवढेच मोठे बंदर, तेथेही शिडे होतीच. असे असता सोळाव्या शतकात जिनोव्यातील सरदारांचे वाडे आतून बाहेरून भित्तिचित्रांनीच भरले गेले. शिड हे जर कारण असते तर त्याचा परिणाम दोन्हीकडे सारखा दिसावयास हवा होता. दुसरे असे की, मध्ययुगीन भूमध्य सागरातील शिडांमध्ये कापसाचाही मोठा वाटा होता. व्हेनिसच्या चित्रांखाली मात्र प्रामुख्याने लिनन आढळते. तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी आहे. तित्सियानने फ्रारी चर्चसाठी १५१६ ते १५१८ या काळात काढलेले मेरीच्या स्वर्गारोहणाचे चित्र जवळजवळ सात मीटर उंच असून ते लाकडी फळ्यांवर आहे. महासभेच्या दालनात कापड आल्याला तेव्हा चाळीस वर्षे उलटून गेली होती. चित्र वेदीच्या मागे कायमचे उभे राहावयाचे असेल तर फळी, आणि दमट भिंतीवर टांगावयाचे असेल तर कापड, असा काहीसा विवेक त्या काळी होता असे दिसते. निवड ठरत होती ती चित्राला पुढे कोठे आणि कसे नांदावयाचे आहे यावरून. गोदीने फार तर त्या निवडीची किंमत कमी केली.

एकदा कापड आल्यावर मात्र व्हेनेशियनांनी त्याचे जे केले, ते आधीच्या कोणी केले नव्हते. आरंभीच्या चित्रांत साधी, बारीक वीण आणि तिच्यावर गुळगुळीत थर असे, म्हणजे कापडाला फळीचे सोंग घ्यावयास लावले होते. तित्सियान आणि तिंतोरेत्तो यांच्या हाती पुढे तिरप्या विणीची, माशाच्या काट्यासारखी नागमोडी वीण असलेली जाड कापडे येऊ लागली आणि थर पातळ झाला. कोरडा कुंचला अशा कापडावरून ओढला की रंग फक्त धाग्यांच्या उंचवट्यांवर बसतो, खळग्यांत बसत नाही. त्यामुळे दुरून पाहताना एक थरथरता प्रकाश जाणवतो. एल ग्रेकोच्या काही चित्रांखाली तर मेजावर अंथरावयाचे चौकड्यांच्या नक्षीचे लिनन सापडते. ते विशेष रुंद पन्ह्याचे मिळत असल्याने मोठ्या चित्रात जोड कमी द्यावे लागत, हे त्यामागील साधे कारण असावे.

पन्ह्याचा हा मुद्दा अभ्यासकांनी विशेष लक्षात ठेवावा. हातमागाचा पन्हा विणकराच्या हाताच्या पोचेवर ठरतो. व्हेनिसमध्ये तो साधारण एक मीटर किंवा थोडा अधिक असे. त्याहून मोठे चित्र म्हणजे शिवण आलीच. व्हेरोनेझेचे काना येथील लग्नाचे चित्र (१५६३) जवळजवळ सात मीटर उंच व दहा मीटर रुंद आहे. शिवणी नाक-डोळ्यांवरून जाऊ नयेत म्हणून आकृतींची मांडणी कोठे कोठे सरकविलेली दिसते, असे जाणकार सांगतात. क्ष-किरणांच्या छायाचित्रांत या शिवणी शुभ्र रेघांसारख्या स्पष्ट उमटतात. याच चित्राने कापडाच्या दुसऱ्या गुणाचीही किंमत मोजली. १७९७ साली नेपोलियनच्या सैन्याने ते उतरविले, तुकडे करून गुंडाळले आणि पॅरिसला नेऊन पुन्हा शिवले. भिंतीवरील चित्र असते तर ते व्हेनिसमध्येच राहिले असते.

आता भारताकडे येऊ. कापडावर चित्र काढण्याची परंपरा येथे प्राचीन आहे, हे पंचदशीच्या दृष्टान्तावरून दिसलेच. तिची उरलेली उदाहरणेही मोलाची आहेत. १४५१ साली अहमदाबादेत तयार झालेला ‘वसन्तविलास’ हा चित्रपट सुती कापडाच्या लांबलचक गुंडाळीवर असून तो आता वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहात आहे. अकबराच्या कारखान्यात १५६२ च्या सुमारास आरंभ झालेल्या ‘हम्झानामा’साठी सुमारे चौदाशे चित्रे काढली गेली; तीही सुती कापडावर. आज त्यांतील दोनशेसुद्धा उरलेली नाहीत. त्यांपैकी काही १८८१ साली श्रीनगरच्या एका दुकानात खिडकीची झडप म्हणून लावलेली सापडली होती. कापडाच्या टणकपणाची ग्वाही याहून निराळी ती काय द्यावयाची! ओडिशातील पटचित्रकार आजही सुती कापडाचे दोन पदर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांस चिकटवितात, त्यावर मऊ पांढऱ्या दगडाची पूड खळीत कालवून तिचा लेप देतात आणि सुकल्यावर गुळगुळीत गोट्याने घोटतात. राजस्थानातील फड चित्रकार आणि हिमालयातील थांका चित्रकार यांची रीत तपशिलात वेगळी, पण तत्त्वात हीच आहे. सगळ्यांचे उद्दिष्ट एकच: वीण बुजविणे. तित्सियान ज्या धाग्याच्या उंचवट्याला शोधीत होता, तो आपला पटकार घोटून सपाट करीत होता. कारण त्याला हवी होती ती अखंड, धारदार रेषा.

परंतु खरा फरक याहून खोल आहे आणि प्रस्तुत लेखकाच्या मते येथेच या विषयाची गुरुकिल्ली आहे. भारतीय पट कायमचा ताणलेला नसतो. थांका रंगविताना दोऱ्यांनी चौकटीत ताणतात खरा, पण चित्र पुरे झाले की तो चौकटीतून सोडवून घेतात. फड भोप्याच्या कथनापुरती उभी राहते आणि मग गुंडाळली जाते. नाथद्वाऱ्याची पिछवाई श्रीनाथजींच्या मागे मोकळी लोंबते आणि ऋतूनुसार, उत्सवानुसार बदलते. युरोपीय तैलचित्राचे कापड मात्र चौकटीवर खिळे ठोकून शतकानुशतके ताणून ठेवलेले असते. अखंड ताणाखाली राहावयाचे तर धागा न वाढणारा हवा. जवसाचा तंतू लांब व ताठ असतो. कापसाचा आखूड आणि पीळ देऊन एकत्र धरलेला असल्याने तो ताणाखाली अधिक सरकतो. यास्तव कापसाच्या या देशात पटकारांनी लिननचा शोध घेतला नाही, यात अज्ञानाचा प्रश्नच उद्भवत नाही. त्यांच्या चित्राच्या जीवनक्रमाला सूत पुरेसे होते. भारतास इंग्रजांकडून जे मिळाले ते रंगावयाचे कापड नव्हे, तर कायमची ताणलेली चौकट आणि तिला लागणारे तेल. सूत आणि ताण यांची गाठ पुढे विसाव्या शतकात अमेरिकेत पडली. तेथे ‘डक’ नावाचे घट्ट विणीचे जाड सुती कापड चित्रकारांत रूढ झाले. पण त्यासाठी वजन आणि घनता पुष्कळ वाढवावी लागली.

याच तर्काला महाराष्ट्रातून एक वेगळी साक्ष मिळते. कापूस पिकविणाऱ्या या प्रदेशात आख्यान सांगण्यासाठी चित्रे वापरणारे पिंगुळीचे चित्रकथी कापडाकडे गेले नाहीत. त्यांची चित्रे कागदावर आहेत. पोथीची पाने उलटावी तशी सुटी चित्रे एकामागून एक समोर धरून ते कथा सांगत. भोप्याला सगळी कथा एकाच वेळी डोळ्यांपुढे हवी, चित्रकथ्याला ती क्रमाने उलगडावयाची. आधाराची निवड येथेही दाखविण्याच्या रीतीने झाली, प्रदेशातील पिकाने नव्हे.

एकोणिसाव्या शतकात तैलचित्राचा कॅनव्हास आपल्याकडे आला तो मात्र वाहतुकीचे साधन म्हणूनही आला, आणि त्याची सर्वांत खेदजनक हकिकत अजिंठ्याची आहे. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने मेजर रॉबर्ट गिल यांना तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यास नेमले. त्यांनी त्या तेलरंगात, कॅनव्हासवर केल्या. कारण त्या लंडनला पाठवावयाच्या होत्या. तेथे सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या गेल्या आणि १८६६ च्या डिसेंबरातील आगीत त्यांतील बहुतेक भस्म झाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम नव्याने केले. त्याही प्रतिकृती कॅनव्हासवर, त्याही लंडनला. आणि १८८५ साली साउथ केन्सिंग्टन येथील आगीत त्यांपैकी पुष्कळ जळाल्या. उरलेल्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. मातीच्या गिलाव्यावर, डोंगराच्या पोटात दीड हजार वर्षे टिकलेल्या चित्रांची नक्कल, हलविता यावी म्हणून कापडावर केली. आणि ती हलविली गेली म्हणूनच जळाली. यात भर अशी की, नक्कल करताना रंग उजळ दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वार्निशचे हात दिले गेले, आणि ते पुढे पिवळे पडून मूळ रंग झाकोळले. कॅनव्हासच्या सोयीची किंमत अशा रीतीने गुहेतील भिंतीनेही दिली.

राहिला हवामानाचा प्रश्न. तो आपल्या दृष्टीने केवळ इतिहासाचा नाही. औंध येथे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उघडलेल्या श्रीभवानी संग्रहालयात रवि वर्मा, धुरंधर आदींची चित्रे आहेत; मुंबईतील संग्रहांत व जुन्या घराण्यांतून तर कितीतरी तैलचित्रे आहेत. कोरड्या हवेत चित्रातील सरसाचा थर आकसतो आणि सगळा ताण तोच पेलतो. दमटपणा वाढत गेला की सरस सैल पडतो व कापड ढिले वाटू लागते. पण हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेली की उलटेच घडते. धागे पाणी पिऊन फुगतात, एकमेकांवरून जाताना त्यांची नागमोडी वाढते आणि घट्ट विणीचे लिनन एकदम आखडते. वरचा कडक रंगथर तेवढा आखडू शकत नाही. खालचा सरस नेमका त्याच वेळी मऊ झालेला असतो. मग रंग तंबूसारखा उचलला जाऊन पापुद्र्यांनी झडतो. कोकणपट्टीतील पावसाळ्यात ही मर्यादा रोजच ओलांडली जाते. व्हेनिसने दमट भिंतीपासून सुटण्यासाठी जे कापड निवडले, तेच मुंबईच्या आषाढात असे वागते. तैलचित्र बाहेरच्या भिंतीस चिकटवून टांगू नये, मागे मोकळी हवा खेळती ठेवावी आणि चौकटीची पाठ बंद करावी, हे उपाय साधे आहेत. परंतु ते पाळले गेलेले क्वचितच आढळतात.

चित्राची पाठ उघडी पाहण्याची संधी मात्र अभ्यासकाने सोडू नये. १८८८ च्या अखेरीस आर्ल येथे गोगँ याने तागाचे वीस मीटर कापड विकत घेतले आणि त्याने व व्हान गॉगने ते वाटून वापरले. ताग तेव्हा युरोपात जवळजवळ सगळा बंगालातून जात असे, एवढा आपला त्याच्याशी संबंध. त्या जाड्याभरड्या विणीमुळे आज कोणती चित्रे त्या मोजक्या आठवड्यांतील आहेत हे ठरविता येते. २००७ नंतर रिचर्ड जॉन्सन व डॉन जॉन्सन यांनी क्ष-किरण छायाचित्रांवरून धागे यंत्राने मोजण्याची पद्धत सिद्ध केली. दर सेंटीमीटरमधील उभ्या-आडव्या धाग्यांची दाट-विरळता कापडाच्या ताक्यात पट्ट्यापट्ट्यांनी बदलत असते, आणि या पट्ट्या दोन चित्रांत जुळल्या तर दोन्ही कापडे एकाच ताक्यातील. व्हर्मीरची लेस विणणारी आणि व्हर्जिनलपाशी बसलेली तरुणी यांचे कापड असे एकाच ताक्यातील ठरले, आणि दुसऱ्या चित्राच्या कर्तृत्वाविषयीच्या जुन्या वादात तो वजनदार पुरावा झाला. तद्वत कडेच्या धाग्यांना ताणामुळे आलेली लाटेसारखी वळणे पाहून चित्र पुढे कापले गेले काय हेही कळते. रेम्ब्रांटचे ‘नाइट वॉच’ तीन आडव्या पट्ट्या जोडून केलेले असून १७१५ साली नव्या जागेत बसविण्यासाठी ते चारही बाजूंनी छाटले गेले.

आपल्या संग्रहांतील तैलचित्रांची अशी नोंद करणे आज शक्य आहे. पण त्याआड येते ती एक सदिच्छेने केलेली गोष्ट. जुने कापड जीर्ण झाले की त्याच्या पाठीस नवे कापड मेण-राळेने किंवा खळीने चिकटविण्याची रीत दीर्घ काळ सर्वत्र होती. १९७४ साली ग्रिनिच येथे भरलेल्या परिषदेनंतर युरोपात या रीतीला आवर बसला. चिकटविलेल्या अस्तराखाली मूळ वीण, शिवण, विक्रेत्याचे शिक्के आणि कोणी पेन्सिलीने लिहिलेली नावे ही सारी झाकली जातात. क्ष-किरणांतही मग दोन कापडांचे धागे एकमेकांवर पडून मोजणी कठीण होते. कोणत्याही चित्राला अस्तर देण्यापूर्वी त्याच्या पाठीचे छायाचित्र घ्यावे, धागे मोजावेत आणि कडेचा एखादा सुटा धागा कागदाच्या पुडीत तारीख घालून ठेवावा. सूक्ष्मदर्शकाखाली कापसाचा तंतू पिळवटलेल्या फितीसारखा आणि जवसाचा बांबूच्या पेरांसारखा दिसतो. दोहोंतील भेद ओळखण्यास पदव्युत्तर विद्यार्थ्याला एक सकाळ पुरते.